मशीन रिव्हर्सला वर उसळतंय? जुन्या ओबीएमचा टिल्ट लॉक पावसाळ्याआधीच बघून घ्या

कडोदरा (प्रतिनिधी) : सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगडमार्गे नवापूर-धुळ्याकडे जाणारा रस्ता कडोदरा चौकडीवरूनच जातो. उकाई जलाशयाकडे नेली जाणारी होडी टेम्पोत दिसली की मागचं इंजिन कसं बांधलंय, याकडे बघा. अनेकदा ते नुसत्या टिल्ट लॉकच्या भरवशावर वर केलेलं असतं. हाच लहानसा भाग पाण्यात दगा देतो.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत बुडालं, तेव्हा लोकांना घरातून काढायला होड्याच कामी आल्या. आता खाडीला पूर आला की लिंबायत, पर्वत पाटियाकडे पुन्हा होड्या लागतात. या भागात आपली खान्देशी मंडळी मोठ्या संख्येने राहतात. म्हणून हा विषय फक्त मच्छीमारांचा नाही.

लॉक नेमकं काय करतो?

गिअर पुढचा असताना पंखा इंजिनाला होडीकडे दाबतो, त्यामुळे लॉकची गरज नसते. उलट पाण्याखाली दगड किंवा भिंत लागली तर इंजिन वर उचललं जायला हवं, नाहीतर पंखा तुटतो किंवा होडीची मागची फळी फाटते. रिव्हर्समध्ये उलटं होतं. पंखा इंजिनाला होडीपासून दूर ओढतो. तेव्हा ब्रॅकेटमधला हुक खालच्या आडव्या पिनला पकडून ठेवतो. हुक सुटला तर इंजिन वर येतं, पंखा हवेत फिरतो आणि होडी थांबत नाही. घराच्या भिंतीजवळ माणसं उतरवताना असं झालं तर काय, याचा विचार करा.

बिघाड कुठे असतो?

बहुतेक वेळा तीनच कारणं : खारं पाणी किंवा गाळाने पिन जाम होणं, स्प्रिंग तुटणं, नाहीतर हुकाचं तोंड झिजणं. ज्या मॉडेलमध्ये हुक गिअरच्या दांडीला जोडलेला असतो, तिथे दांडीचं सेटिंगही सरकतं.

दुरुस्ती अशी करा

१. होडी काठावर घ्या. पेट्रोलची नळी आणि प्लगची वायर काढा.

२. इंजिन वर करून दोरीने बांधा, खाली लाकडी ठोकळा द्या. नुसत्या लॉकवर ठेवून खाली हात घालू नका. इंजिन पडलं तर बोटं जातील.

३. गोड्या पाण्याने गाळ धुवा. पिनवर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर राहू द्या.

४. सकाळी लिव्हर हळूहळू पुढे-मागे करा. हातोडा मारू नका. ब्रॅकेट ॲल्युमिनियमचं असतं, तडकतं.

५. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, स्प्रिंग कुठल्या बाजूला होती ते नंतर आठवत नाही. तारेच्या ब्रशने पिन घासा. तुटकी स्प्रिंग आणि झिजलेला हुक बदला. स्प्रिंगच्या जागी तार किंवा रबर बांधण्याचा जुगाड पुरात टिकत नाही.

६. मरीन ग्रीस लावून जोडा. कॉटर पिन नवीनच घाला.

शेवटची तपासणी

इंजिन खाली सोडा. प्लगची वायर काढलेलीच ठेवून, पंखा हाताने थोडा फिरवत रिव्हर्स गिअर टाका. आता खालचा भाग पकडून उचला : हलता कामा नये. मग न्यूट्रल करा. हुक गिअरला जोडलेला असेल तर इंजिन आता उचललं गेलं पाहिजे. लॉक हाताने लावायचा असेल तर लिव्हर सोडून बघा. दोन्ही नीट झालं तरच पाण्यात उतरा.

रस्त्याने नेताना इंजिनाला दोरी आणि ठोकळा हवाच. खड्ड्यांचे धक्के त्या हुकाने सोसायचे नसतात. आणि हे काम मे महिन्यातच उरका. पाणी दारात आल्यावर स्पेअर शोधायला वेळ मिळत नाही.