पुरानंतरची वीज : आधी तपासणी, मग पुरवठा

२२ जुलै २०२१ रोजी सावित्री व गांधारी नद्यांच्या महापुराने महाड शहर पाण्याखाली गेले; पोलादपूर तालुक्यात दरडी कोसळल्या. चिखल उपसून झाला, भिंती धुऊन झाल्या, तरी भिंतीत दडलेल्या ओल्या तारांचा धोका डोळ्यांना दिसत नव्हता. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न असतो : "आता मेन स्विच चालू करावा का?" आम्हां माजी विद्यार्थ्यांपैकी जे तारतंत्रीचे काम करतात, त्यांच्या अनुभवाच्या आधारे त्याचे उत्तर येथे देत आहोत.

तारेवरील रोधक आवरण वीज आपल्या वाटेवर ठेवते. ते ओलीने वा जीर्ण होऊन दुबळे झाले की वीज भिंतीत, पंपाच्या लोखंडी सांगाड्यात झिरपते. साध्या मल्टिमीटरला हा दोष बहुधा सापडत नाही, कारण त्याचा दाब मोजक्या व्होल्टचा असतो. पाइपाची बारीक भेग पाण्याचा दाब वाढल्यावरच गळू लागते, तसेच हे. म्हणून मेगर हे उपकरण वापरतात. घरगुती तारजोडणीसाठी ते ५०० व्होल्टचा एकदिश दाब देऊन आवरणाचा रोध मोजते.

मात्र हाच दाब उपकरणांना घातक ठरतो. एलईडी दिवे, पंख्यांचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, संगणक यांतील नाजूक भाग त्याने जळू शकतात. शिवाय त्यांच्यातून प्रवाह वाहिल्याने मापही खोटे, कमी येते. चांगली तार सदोष ठरते. म्हणून क्रम असा ठेवावा.

प्रथम मेन स्विच बंद करून फेज व न्यूट्रल दोन्ही तारा पुरवठ्यापासून तुटल्याची खात्री करावी. इन्व्हर्टर वा सौरसंच असल्यास तोही वेगळा करावा. मग सर्व प्लग उपसावेत, दिवे काढावेत, रेग्युलेटर आणि व्होल्टेजच्या झटक्यापासून संरक्षण देणारी साधने सोडवावीत. खोल्यांतील बटणे मात्र चालू ठेवावीत. नाहीतर बटणापुढची तार तपासणीतून सुटते.

आता फेज व न्यूट्रल एकत्र जोडून त्यांचे माप अर्थिंगशी घ्यावे. दोन्ही तारांवर समान दाब असल्याने चुकून राहिलेल्या उपकरणाला त्यांच्यामधून झटका बसत नाही. सर्व काही सुटले आहे याची पुन्हा खात्री झाल्यावरच फेज-न्यूट्रलमधील माप घ्यावे. तपासणीनंतर तारांतील साठलेला भार उतरवूनच हात लावावा.

माप किमान १ मेगाओहम, म्हणजे १० लाख ओहम, असावे. कमी आल्यास एकेक सर्किट वेगळे करून दोष शोधावा, सुकवून पुन्हा मोजावे. पुरात बुडालेले एमसीबी व सॉकेट मात्र सुकवून वापरू नयेत, ते बदलावेत.

हे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. पण त्याने दिवे न काढता मेगर लावला, तर पालकांनी त्याला थांबवावे. वसतिगृहात रात्री ओल्या हाताने बटण दाबणारी लेकरे आपलीच आहेत. दरवर्षी पावसाळ्याआधी प्रत्येक सर्किटचे माप एका वहीत तारखेसह नोंदवावे. गेल्या वर्षीपेक्षा आकडा घसरला असेल, तर तार बदलण्याची वेळ अपघाताआधीच कळते.