निर्वासित छावणीतील मुली आणि मासिक पाळीचे आरोग्य

ऑगस्ट २०१७ मध्ये म्यानमारच्या राखाईन प्रांतात लष्कराने आरंभिलेल्या हिंसाचारानंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आश्रयास आले. त्यांत स्त्रिया व मुलेच अधिक होती. नेसत्या वस्त्रांनिशी निघालेल्या मुलींना वाटेतही पाळी येतच होती.

कुतुपालाँगच्या छावणीत बांबू-ताडपत्रीच्या खोपटात सारे कुटुंब राहते. पाणवठा व शौचालये सामायिक असतात. पाळीचे कापड धुण्यास पाणी, साबण व आडोसा हवा, वाळवण्यास ऊन हवे. उघड्यावर ते वाळत घालण्याची लाज वाटते, म्हणून मुली ते घरातच अन्य कपड्यांखाली लपवतात. पावसाळ्यात ते दमटच राहते आणि तसेच वापरल्याने खाज, पुरळ व जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. अंधारात शौचालयास जाण्याच्या भीतीने काही जणी पाणीच कमी पितात. त्यातून मूत्रमार्गाचे विकार संभवतात.

म्हणून केवळ पॅड वाटून भागत नाही. विल्हेवाटीची सोय नसेल तर वापरलेल्या पॅडमुळे शौचालये तुंबतात. संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीसारख्या संस्था स्त्रियांना आवश्यक वस्तूंचे संच देतात. धुऊन वापरता येणारे कापड, अंतर्वस्त्रे, साबण, बादली व विजेरी अशा वस्तू येथे उपयोगी पडतात. परंतु काय हवे, हे आधी मुलींनाच विचारले पाहिजे. मानवतावादी मदतीची मानके सांगणाऱ्या ‘स्फिअर’ पुस्तिकेनुसार माणशी रोज किमान १५ लिटर पाणी, २० जणांमागे एक शौचालय आणि पुरुषांच्या एका शौचालयामागे स्त्रियांची तीन असावीत. शौचालयास आतून कडी व जवळ दिवा हवा.

म्यानमार हा बौद्धबहुल देश आहे. तेथून परागंदा झालेल्या मुस्लिम मुलींचे दुःख आपण बौद्धांनी नजरेआड केले, तर आपल्या करुणेला अर्थ उरत नाही. शिवाय ‘विटाळ’ या शब्दाने माणसाला कसे दूर लोटले जाते, हे आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या भोगले आहे. तोच शब्द आपल्या घरातील मुलीच्या पाळीला लावू नये. आपद्ग्रस्तांसाठी धान्य व चादरी गोळा करताना यादीत सुती कापड, साबण व अंतर्वस्त्रेही आवर्जून लिहावीत.