पाय सुजले, डोकं दुखतंय? रक्तदाब तपासून घ्या



गरोदरपणी पाय सुजले की घरातली मोठी माणसं म्हणतात, "असं होतंच." पुष्कळदा ते खरंही असतं. पण सूज तोंडावर, हातांवर चढली, बांगडी रुतू लागली, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढं काजवे चमकतात, तर थांबू नका. पाच महिन्यांनंतर रक्तदाब १४०/९० किंवा जास्त आणि लघवीत प्रथिनं, याला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात.

मूळ वारेत आहे. वारेला रक्त देणाऱ्या वाहिन्या सुरुवातीला नीट रुंदावल्या नाहीत, की वार उपाशी राहते. मग तिच्यातून अतिसूक्ष्म कण सुटून आईच्या रक्तात मिसळतात. रक्तपेशींचेही असे तुकडे वाढतात. थोडे कण प्रत्येक गरोदर बाईच्या रक्तात असतात. इथं ते फार होतात आणि रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला डिवचतात.

या अस्तरावर जणू कुलपं असतात. शास्त्रात त्यांना ग्राही म्हणतात. रक्तातली वाढीची द्रव्यं म्हणजे किल्ल्या. किल्ली बसली की वाहिनी सैल, धड राहते. आजारी वार मात्र सुटी कुलपंच रक्तात सोडते. किल्ल्या त्यांतच अडकतात, अस्तरापर्यंत पोचत नाहीत. वाहिन्या आवळतात, दाब चढतो, मूत्रपिंडातून प्रथिनं गळतात, बाळाला रक्त कमी पडतं.

आणि झटके येतात. बाहेरची बाधा समजून अंगारा लावत बसू नका. तेवढ्यात जीव जातो. १०८ ला फोन करा. मॅग्नेशियम सल्फेटच्या इंजेक्शननं झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांवर बायकांच्या पाहणीत दिसलं. तरी खरा इलाज बाळंतपणच. वार बाहेर पडल्यावरही काही दिवस दाबावर लक्ष हवं.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर मातांची मोफत तपासणी असते. कल्याणचं रुक्मिणीबाई, डोंबिवलीचं शास्त्रीनगर, कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, जवळ पडेल तिथं जा. नवऱ्यानंही सोबत जावं. दाबाचा आकडा दोघांना ठाऊक हवा. बाळंतपणाला माहेरी जाताना कार्ड सासरी फळीवर विसरू नका. नव्या डॉक्टरला आधीचा दाब कळणार तरी कसा?

पहिलटकरीण, जुळी, किंवा मागच्या खेपेला हाच त्रास झाला असेल, तर तिसऱ्या महिन्यातच डॉक्टरांना सांगा. काहींना तेव्हापासून ॲस्पिरिनची लहान गोळी देतात. मनानं मात्र घेऊ नये.

बाळंतपणानंतर दाब उतरला नसेल तर माला-एन गोळ्या सुरू करू नका. पाळणा लांबवायला तांबी चालते.