रेकी : हात नेमके कुठे ठेवायचे?

परीक्षा जवळ आली की हॉस्टेलवर डोकं धरून बसणारे वाढतात, आणि कोणीतरी विचारतंच, "रेकी देऊ का?" म्हणजे करतात काय? बोटं जुळवायची, तळहात किंचित खोलगट करायचा आणि न दाबता नुसता टेकवायचा. आधी डोळ्यांवर, मग कानशिलांवर, डोक्याच्या मागे, गळ्यावर. पुढे छाती, पोट, ओटीपोट आणि शेवटी पाठ. प्रचलित पद्धतीत अशा १२ जागा, प्रत्येकी साधारण ५ मिनिटं. म्हणजे झाला एक तास! एवढा वेळ डोळे मिटून गप्प पडलं तर बरं वाटणारच, असं माझं मत.

मिकाओ उसुई यांनी १९२२ मध्ये जपानात रेकी सुरू केली. जपानी परंपरेत, हाताला जिथे काही 'जाणवेल' तिथे जास्त थांबतात.

खरंच जाणवतं का? 'थेरप्युटिक टच' या रेकीच्या चुलतबहिणीची अशी परीक्षा एमिली रोझा या शाळकरी मुलीने घेतली. पडद्याआड २१ जणांचे हात; नाणं उडवून ती आपला हात त्यांच्या डाव्या किंवा उजव्या हातावर धरायची. २८० वेळांत बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजानेही निम्मी आली असती! १९९८ मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं.

तेव्हा थकव्याला रेकी घ्या हवी तर, पण अंगात ताप असेल तर रूममेटचे हात बाजूला करा आणि आधी डॉक्टर गाठा. एमिलीचा प्रयोग करायचाय? पुठ्ठा आणि एक नाणं पुरे.