‘पित्त झालं’ म्हणून थांबू नका! पित्ताशयातील खडे, ऑपरेशनचा निर्णय आणि नंतरची विश्रांती



सर्जरीच्या वॉर्डात नोकरी करताना एक वाक्य मी रोज ऐकायची, “सिस्टर, साधं पित्त झालं जी, गोळी द्या.” आता वस्तीत आरोग्याचे काम करते, तरी तेच वाक्य कानावर पडते. आमच्या वस्तीतील एक ताई चार घरची धुणीभांडी करते. ती आठ महिने सोडा आणि ॲसिडिटीच्या गोळ्यांवर दिवस काढत होती. जेवण जड झाले की रात्री बरगड्यांखाली कळ यायची, उजव्या खांद्यामागे जायची, उलटी व्हायची आणि पहाटे सगळे शांत. सकाळी ही कामावर हजर. एके दिवशी डोळे पिवळे झाले आणि ती पोट धरून आडवी पडली. पित्ताशयातला खडा निसटून नळीत अडकला होता, स्वादुपिंडाला सूज आली होती. ठरवून ऑपरेशन केले असते तर दोन-तीन दिवसांत घरी आली असती. तिथे तीन आठवडे रुग्णालयात गेले आणि कामाची दोन घरे सुटली. ती वाचली, हे महत्त्वाचे. पण हे टाळता आले असते.

दोन वेगळी ‘पित्ते’

आपल्या बोलण्यात ‘पित्त’ हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरला जातो. आंबट ढेकर, छातीत जळजळ हा जठरातील आम्लाचा त्रास. पित्ताशयातले पित्त वेगळे. ते यकृतात तयार होते आणि तेल-तूप पचवायला लागते. यकृताच्या खाली, उजव्या बाजूला, पेरूएवढ्या एका पिशवीत ते साठून घट्ट होते. हीच पिशवी म्हणजे पित्ताशय. आपण तेलकट खाल्ले की पिशवी आवळते आणि पित्त आतड्यात सोडते. पिशवीत खडे असतील आणि एखादा खडा तोंडाशी अडकला, तर आवळताना जीवघेणी कळ येते. म्हणून हे दुखणे बहुधा जेवणानंतर किंवा रात्री येते, अर्ध्या तासापासून काही तास टिकते. ॲसिडिटीच्या गोळीने ते थांबत नाही. ते आपोआप थांबते आणि श्रेय गोळीला मिळते.

असे दुखणे दोनदा आले तर पोटाची सोनोग्राफी करून घ्या. मात्र छातीखाली दुखून घाम सुटत असेल, दम लागत असेल तर आधी ईसीजी. ते हृदयाचेही असू शकते.

खडा दिसला म्हणजे ऑपरेशनच का?

नाही. दुसऱ्याच कारणासाठी सोनोग्राफी केली, त्यात खडे दिसले आणि त्रास काहीच नाही, अशा माणसाला सहसा ऑपरेशनची गरज नसते. अशा शंभर जणांत वर्षाला साधारण एक ते चार जणांनाच त्रास सुरू होतो. खडा फार मोठा असणे, पिशवीत मोठा कोंब वाढलेला असणे, पिशवीची भिंत कठीण झालेली असणे, असे काही अपवाद आहेत. ते डॉक्टरांनी समजावून सांगावेत.

हे मुद्दाम सांगते, कारण बिनगरजेच्या ऑपरेशनची भीती आपल्या माणसांना उगाच वाटत नाही. बीड जिल्ह्यातील ऊसतोड बायांची गर्भाशये कशी काढली गेली, हे २०१९ साली साऱ्या महाराष्ट्राने वाचले आहे. म्हणून “का?” हे विचारायलाच हवे. पण त्याच भीतीपोटी गरजेचे ऑपरेशनही टाळले, तर नुकसान आपलेच.

कळ एकदा सुरू झाली की ती पुन्हा येण्याची शक्यता मोठी असते. तेव्हा तब्येत चांगली असताना, तारीख ठरवून केलेले ऑपरेशन सर्वांत सुरक्षित. खडे विरघळवणारी गोळी असते, पण ती काही ठरावीक बारीक खड्यांवरच चालते, महिनोन्‌महिने घ्यावी लागते आणि बंद केल्यावर खडे पुन्हा होऊ शकतात. तेल आणि लिंबू पिऊन ‘हिरवे खडे पडले’ असे सांगतात, त्या तेलाच्याच साबणासारख्या गाठी असतात. मूतखडा लघवीतून पडतो, तसा हा पडत नाही. तथागतांनी कालामांना सांगितले ते इथेही लागू आहे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, तपासून घ्या. हे गल्लीतल्या वैदूला लागू आहे, तसेच मोठ्या डॉक्टरलाही.

लगेच रुग्णालय गाठा

• कळ सहा तासांच्या वर टिकली
• थंडी वाजून ताप आला
• डोळे पिवळे झाले, लघवी गडद आणि शौच मातीच्या रंगाची झाली
• उलट्या थांबत नाहीत, दुखणे पाठीत आरपार जाते

यात सकाळची वाट पाहू नका.

सिकलसेल असेल तर

विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. हा पूर्वजन्माचा भोग नाही, आईवडील दोघांकडून आलेला रक्तातील दोष आहे. यात तांबड्या पेशी लवकर फुटतात. त्यातून तयार होणारा पिवळा रंग पित्तात जास्त उतरतो आणि काळे खडे बनतात, अगदी शाळकरी मुलांतही. सिकलसेलच्या मुलाचे डोळे आधीच पिवळसर असतात, पोट मधून मधून दुखतच असते. त्यामुळे घरचे म्हणतात, “हे त्याचं नेहमीचंच.” तसे न म्हणता सोनोग्राफी करा. खडे निघाले तर ऑपरेशनचा निर्णय सिकलसेल पाहणाऱ्या डॉक्टरांना सोबत घेऊनच करा.

ऑपरेशनच्या आधी सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही सिकलसेलचे कार्ड दाखवा. अशा रुग्णाच्या अंगातले पाणी कमी होऊ द्यायचे नसते, म्हणून उपाशी ठेवतानाच सलाईन लावतात. अंग गरम ठेवतात, ऑक्सिजनकडे लक्ष देतात, कधी आधी रक्त चढवतात. ऑपरेशननंतर खोल श्वासाचे व्यायाम चुकवायचे नाहीत. ‘एएस’ म्हणजे वाहक असाल तर सहसा अडचण येत नाही, तरी सांगून ठेवा. आपली तपासणी झालीच नसेल, तर सरकारी दवाखान्यात करून घ्या.

सही करण्यापूर्वी

संमतिपत्रावर सही करण्याआधी चार प्रश्न विचारा. ऑपरेशन का हवे? थांबलो तर काय होईल? खडा नळीत आहे का? एकूण खर्च किती? रिपोर्ट घेऊन दुसऱ्या डॉक्टरचे मत घेणे हा तुमचा हक्क आहे. २०२१ साली नियम सुधारून महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले आहे. ते दिसले नाही तर मागा.

कर्ज काढण्याआधी, मंगळसूत्र गहाण ठेवण्याआधी सरकारी रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालयात जा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. आपले ऑपरेशन तिथे योजनेत बसते का, कोणती कागदपत्रे लागतील, हे त्याला विचारा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

ऑपरेशनमध्ये काय होते?

पूर्ण भूल देतात. पोटात वायू भरून फुगवतात आणि तीन-चार लहान छिद्रांतून दुर्बिणीने पूर्ण पिशवी काढतात. साधारण एक ते दोन तास लागतात. “नुसते खडे काढा, पिशवी राहू द्या,” असे बरेच जण म्हणतात. पण पिशवी राहिली तर खडे पुन्हा होतात. पिशवी नसली तरी यकृत पित्त बनवतच राहते, ते थेट आतड्यात उतरते. पिशवीशिवाय माणूस नीट जगतो.

आत सूज किंवा चिकटलेपणा जास्त असेल तर डॉक्टर मध्येच मोठी चीर देतात. ती चूक नव्हे, तुमच्या जिवासाठी घेतलेला निर्णय असतो. धोकाही लपवत नाही. हजारात साधारण तीन-चार जणांना पित्ताच्या मुख्य नळीला इजा होते, रक्तस्राव किंवा जंतुसंसर्गही होऊ शकतो. काढलेली पिशवी तपासणीला पाठवतात. तो रिपोर्ट आठवणीने घ्या आणि डॉक्टरांना दाखवा. क्वचित त्यात कर्करोग सापडतो.

घरी आल्यावर

पहिले एक-दोन दिवस खांदा दुखतो. घाबरू नका, पोटात भरलेल्या वायूमुळे तसे होते. चालण्याने बरे वाटते. त्याच संध्याकाळी आधार घेऊन उठा, पलंगाला खिळून राहू नका. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. वेदनेची गोळी सांगितल्याप्रमाणे घ्या, सहन करण्यात मोठेपणा नाही.

आधी पेज, मऊ भात-वरण, मग दोन-तीन दिवसांत साधे जेवण थोडे थोडे. तळलेले आणि तर्रीदार काही आठवडे नको. काहींना सुरुवातीला पातळ शौचास होते, बहुतेकांचे ते कमी होत जाते. आयुष्यभर पथ्य नसते. अंडी-मांस कायमचे बंद करायची गरज नाही.

ताप आला, दुखणे वाढत गेले, पोट फुगले, डोळे पिवळे झाले, जखमेतून पू आला, पोटरी सुजली किंवा दम लागला, तर फोनवर विचारत बसू नका. सरळ रुग्णालयात जा.

आता घरच्यांना सांगायचे ते. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर हलके काम साधारण एक-दोन आठवड्यांत जमते, पण जड उचलणे चार ते सहा आठवडे बंद. मोठी चीर असेल तर सहा ते आठ आठवडे. वीस लिटरचा भरलेला कॅन वीस किलोच्या वर भरतो. हंडा, सिलिंडर, घमेले, ओल्या कपड्यांची बादली, कडेवरचे मूल, हे सगळे ‘जड’ यातच येते. टाके बाहेरून लहान दिसतात म्हणून “एवढंसं तर आहे” म्हणू नका. आतला भाग भरायला वेळ लागतो, घाई केली तर हर्निया होऊ शकतो.

बाईचे ऑपरेशन झाले की चौथ्या दिवशी ती चुलीपुढे दिसते. पुरुषाचे झाले तर महिनाभर आराम. ही विषमता आपल्या घरात का चालावी? बाळंतिणीला पगारासह रजा मिळावी यासाठी बाबासाहेब १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बोलले होते. विश्रांती हा कष्टकरी बाईचा हक्क आहे, हे त्यांनी तेव्हा मांडले. आपण ते निदान घरात तरी पाळू. नवऱ्याने पाणी भरावे, मुलाने भाकरी थापावी. विहारातील महिला मंडळाने आठवडाभराचे डबे आणि जमल्यास बुडालेल्या मजुरीचा थोडा भार वाटून घ्यावा. आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी धुतले, हे आपण विहारात ऐकतो. ते आचरणात आणायला शेजारचेच घर पुरेसे आहे.

आमच्या त्या ताईचे ऑपरेशन सूज उतरल्यावर झाले. महिनाभर शेजारणींनी तिचे पाणी भरले. आज ती पुन्हा कामावर जाते आणि कोणी “पित्त झालं” म्हटले की तीच आधी विचारते, “उजव्या खांद्यात जातं का? मग सोनोग्राफी कर.”

जयभीम. नमो बुद्धाय.