आठवी डबी

सकाळी ८.३०
आज वसतिगृहाच्या मेसवाल्यांची वार्षिक तपासणी. अकरा माणसं, अकरा डब्या. मटाराच्या दाण्याएवढा नमुना पुरतो, असं काल घसा कोरडा करून सांगितलं होतं. तरी दोघांनी झाकण लागेना इतक्या भरून आणल्यात.

९.१५
काचपट्टीच्या एका टोकाला सलाइनचा थेंब, दुसऱ्या टोकाला आयोडीनचा. त्यात काडीच्या टोकावर येईल तेवढंच कालवायचं. काचपट्टी वर्तमानपत्रावर ठेवली की खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत, इतका पातळ थर. वासाचं म्हणाल तर तो पहिल्या महिन्यातच येईनासा होतो.

११.००
पाच स्वच्छ. सहावीत जिआर्डियाच्या लांबट पुटी. सातवी स्वच्छ. आठवीत एक गरगरीत पुटी, आयोडीनने पिवळी पडलेली. फोकस सावकाश वरखाली केला. एक, दोन, तीन... चार केंद्रकं. आता पंचाईत अशी, की आमांश आणि यकृतात गळू करणारा एंटअमीबा हिस्टोलिटिका आणि निरुपद्रवी डिस्पार यांच्या पुटी हुबेहूब सारख्या. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी दोघांना रीतसर वेगळं काढलं, पण माझ्या भिंगाला तो फरक दिसत नाही. रिपोर्टवर दोन्ही नावं लिहिते, मध्ये तिरकी रेघ. मला ती रेघ आवडते. ती खोटं बोलत नाही.

दुपारी १.३०
आठवी डबी पोळ्यांच्या मावशींची.
"मला काही होत नाही हो ताई. ना मुरडा, ना जुलाब. दगड पचवते मी."
"म्हणून तर तुमची एक सुट्टी नाही, मावशी. रोज कणकेत हात."
त्यांनी नखांकडे पाहिलं. जरा वेळाने म्हणाल्या, "मग होतं कुणाला? पोरांना?"
औषध कोणतं ते डॉक्टर ठरवतील, एवढंच मी म्हणाले.

४.००
व्यवस्थापकांचा फोन. बाकीच्या नऊ जणांना 'निर्दोष' लिहून द्या, सही आजच हवी. पण पुटी काही रोज पडत नाहीत; वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने पाहिल्याशिवाय कुणाची खात्री देऊ? 'या नमुन्यात आढळले नाही' असं लिहिलं आणि 'या'खाली रेघ मारली.

५.३०
काचपट्ट्या हायपोक्लोराइटमध्ये टाकल्या, टेबल पुसलं. हात धूत होते तोच मावशी दारात.
"एक रिकामी डबी मिळेल? नातवासाठी. तोही ठणठणीत आहे."