“किती टनाची आहे?”

स्किड स्टिअर लोडर घ्यायला किंवा भाड्यानं आणायला निघालेला माणूस पहिला प्रश्न हाच विचारतो. साखर कारखान्याच्या यार्डात, पोल्ट्रीवर, रेडीमिक्सच्या प्लांटवर, सगळीकडे हाच. विक्रेता एक आकडा फेकतो, दुसरा विक्रेता त्याहून मोठा फेकतो आणि मोठ्या आकड्यावाला जिंकतो. मागच्या महिन्यात एका ओळखीच्या ठेकेदारानं याच हिशेबानं मशीन भाड्यानं आणलं आणि पहिल्याच दिवशी फोन केला, “अहो, हे तर पुढं झुकतंय. फसवलं मला.”

फसवलं कोणी नव्हतं. त्याला सांगितलेला आकडा खरा होता, फक्त तो टिपिंग लोडचा होता.

टन म्हणजे कशाचा टन, हे आधी ठरवायला हवं. यंत्राचं स्वतःचं वजन हा एक आकडा. टिपिंग लोड हा दुसरा: सपाट, टणक जमिनीवर मशीन उभं असताना किती भारानं त्याची मागची चाकं जमीन सोडू लागतात, तो भार. आणि तिसरा, तुमच्या खऱ्या कामाचा: रेटेड ऑपरेटिंग कपॅसिटी, म्हणजे रोजच्या कामात उचलायची मर्यादा. ज्याला शंका असेल त्यानं आयएसओ १४३९७ या मानकाचा पहिला भाग काढून बघावा. चाकांच्या स्किड स्टिअरसाठी ही मर्यादा टिपिंग लोडच्या ५० टक्क्यांहून जास्त धरता येत नाही. हायड्रॉलिकची ताकद त्याहून कमी पडत असेल तर तीच मर्यादा. म्हणजे १४०० किलो टिपिंग लोडचं मशीन रोज ७०० किलोचं. माझ्या ठेकेदारानं १४०० ऐकलं आणि बाराशे किलोची पोती लादली.

“पण अर्धं कशाला? कंपन्या उगाच घाबरवतात,” हे वाक्य तर मला पाठ झालंय. अहो, टिपिंग लोड मोजतात तेव्हा मशीन जागेवर उभं असतं. तुमच्या साइटवर ते पळतं, खड्ड्यात आदळतं, भरलेल्या बकेटसह करकचून ब्रेक मारतं. उरलेलं अर्धं या धक्क्यांसाठी राखलेलं असतं, कंपनीनं तुमच्यापासून लपवलेलं नव्हे.

त्यातही गंमत ट्रॅकवाल्या मशीनची. पट्ट्यावर चालणाऱ्या लोडरसाठी तेच मानक टिपिंग लोडच्या ३५ टक्के सांगतं. मग एका माहितीपत्रकात २००० किलो टिपिंगवर ७०० लिहिलेलं असतं, दुसऱ्यात त्याच २००० वर १०००, कारण त्यांनी ५० टक्क्यांचा रकाना ठळक छापला. दोन्ही पत्रकं समोर ठेवून “हे तीनशे किलो जास्त उचलतं” म्हणणाऱ्याला काय सांगणार? टक्का कुठला, एवढं बोट ठेवून विचारा.

आता बकेट. आकडा मान्य केला तरी बकेटमध्ये काय भरणार यावर सगळं अवलंबून. ०.४ घनमीटरची बकेट घ्या. कोरडी वाळू घनमीटरला साधारण १.६ टन भरते, म्हणजे बकेटीत ६४० किलो. आपल्या ७०० किलोच्या मशीनला चालतं. पावसात तीच वाळू भिजून १.९ टनांवर जाते, बकेटीत ७६० किलो. मशीन तेच, बकेट तीच, ऑपरेटर तोच, आणि आषाढात ते मर्यादेबाहेर जातं. उलट सुटा बगॅस घनमीटरला जेमतेम दीडशे किलो. त्याच बकेटीत साठ किलो बगॅस घेऊन मशीन दिवसभर हेलपाटे घालतं आणि मालक म्हणतो, “मोठं मशीन घ्यायला हवं होतं.” मोठं मशीन नको, हलक्या मालाची मोठी बकेट हवी होती. तिची किंमत मशीनच्या तुलनेत किरकोळ.

फोर्क लावून पोत्यांचं पॅलेट उचलणार असाल तर आणखी एक वजावट. भार बकेटपेक्षा पुढे सरकतो, तरफ लांबते, क्षमता घटते. फोर्कचा वेगळा आकडा माहितीपत्रकात असतो. तो न बघता झुकणाऱ्या मशीनच्या मागे दोन मजूर उभे करायचे, हा उपाय मी डोळ्यांनी पाहिलाय. माणसं काउंटरवेट नसतात, यापुढे यावर शब्द खर्च करायची इच्छा नाही.

एचपीचं काय? ‘जास्त एचपी म्हणजे जास्त उचल’ हा याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. मशीन पुढं कलंडणार की नाही हे त्याचं वजन आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ठरवतं. एचपी ढिगात घुसायला आणि अटॅचमेंट चालवायला लागते. झाडूला साधा हायड्रॉलिक प्रवाह पुरतो. रस्ता खरवडणाऱ्या प्लॅनरला बहुतेकदा हाय-फ्लो लागतो, आणि ती सोय नसेल तर ऐंशी एचपी असूनही प्लॅनर नुसता घरघरतो.

बाकीचे समज भराभर.

‘बॉबकॅट म्हणजे छोटी जेसीबी.’ दोन्ही कंपन्यांची नावं. आपल्याकडे बॉबकॅट म्हटलं की स्किड स्टिअर आणि जेसीबी म्हटलं की डोळ्यापुढे येतो बॅकहो. बॅकहोच्या मागे खोदायचा हात असतो, स्किड स्टिअरला तो नसतो. खोल चर खणायला हे आणू नका. याचा जन्मच गोठ्यासारख्या जागेसाठी झाला: १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात केलर बंधूंनी टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या खुराड्यातली घाण काढायला तीन चाकांचा लोडर बनवला. चार चाकांचं एम-४०० आलं १९६० मध्ये. कोंबडीखत काढायला हे मशीन वापरणाऱ्या आपल्या पोल्ट्रीवाल्यांनी ते अगदी मूळ कामाला लावलंय.

‘चढावर नेहमी तोंड वर करून चढवायचं.’ रिकामं असताना बहुतेक वजन मागे असतं, म्हणून उलटं, मागची बाजू वर ठेवून चढवा. बकेट भरलेली असेल तर वजन पुढे येतं, तेव्हा सरळ.

‘टायर लवकर झिजतात म्हणजे टायर बोगस.’ एका बाजूची चाकं जोरात आणि दुसरीकडची हळू किंवा उलटी फिरवून, रबर घासतच हे मशीन वळतं. काँक्रीटवर जागच्या जागी गरागरा फिरवणाऱ्या ऑपरेटरला आधी आवरा.

‘सीटवरची दांडी कामात अडथळा आणते, दांडी वर करताच आर्म अडवणारा इंटरलॉक काढून टाका.’ अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेनं स्किड स्टिअरवर खास इशारापत्रक काढलं, ते नेमकं अशांसाठी. आर्म वर असताना आधार न लावता कॅबमधून उतरणारा माणूस बाहेर पडतो तो त्या आर्मखालूनच.

‘भाडं म्हणजे पैसा पाण्यात.’ वर्षातून दोनच महिने कोंबडीखत काढायचं असेल तर हप्ता मात्र बाराही महिने जातो. माझ्या मते तिथं भाडंच बरं. फक्त दोन भाडेदरांची तुलना करताना ताशी आकड्यावर भाळू नका. डिझेल कुणाचं? ऑपरेटरचा पगार आणि जेवण कुणाकडे? महिन्याला किमान किती तास धरलेत? मशीन रस्त्यानं पळत येत नाही, तर ट्रेलरचं जायचं-यायचं भाडं कोण देणार? आणि होज फुटून मशीन उभं राहिलं तर ते तास कुणाच्या खात्यावर? हे पाच प्रश्न विचारल्यावर स्वस्त वाटलेलं मशीन महाग निघाल्याचं मी कैक वेळा पाहिलंय.

‘सेकंड हँडमध्ये तासाचा मीटर बघितला की झालं.’ मीटर बदलता येतो. बकेट जमिनीवर टेकवून हातानं हलवा. पिन-बुश खुळखुळतात का बघा. अटॅचमेंट अडकवायच्या प्लेटच्या कडा झिजल्यात का बघा. चेनकेसचं, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या साखळीच्या पेटीचं, तेल काढून त्यात लोखंडाचा चुरा आहे का बघा. आणि मग खाली वाकून पायाखालचं पेडल बघा. मीटरवर १,१०० तास, आणि पेडलचं रबर झिजून आतला पत्रा चकाकतोय.